गरम स्फटिकाची स्मरणशक्ती

माझ्या टेबलावर गोंधळ होत नाही. चिमट्यांनासुद्धा मी क्रमांक दिलेत. त्यामुळे कारखान्याच्या बाई चाचणी पाहायला येणार म्हटल्यावर मी अगदी निर्धास्त होते. त्यांना पटलं तर आमची चिप हजारोंनी बनणार होती. नाही पटलं तर आमचा विभाग बंद.

चिप म्हणजे प्रकाशासाठी वाटा कोरलेली नखाएवढी चकती आणि तिच्यावर चिकटवलेला मोहरीएवढा स्फटिक. हा स्फटिक प्रकाशाला क्षणभर धरून ठेवतो आणि मागितला की परत देतो. हीच त्याची स्मरणशक्ती. फक्त त्यासाठी त्याला भयंकर थंडी लागते, म्हणून चिप शीतपेटीत ठेवतात.

बाई आल्या. मी फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून, पेटीत प्रकाश सोडला. तो सेकंदाचा लाखावा भाग थांबून परत आला. आजवर आम्हाला याच्या दहाव्या हिश्शाइतकंही जमलं नव्हतं! आमच्या विभागाचे साहेब माझ्याकडे अशा मायेने पाहायला लागले, जणू मी त्यांचीच लेक.

माझं लक्ष मात्र तापमानाच्या आकड्याकडे गेलं. शीतपेटीने अजून थंडी धरलीच नव्हती, आणि गरम स्फटिकाला काही आठवणं शक्यच नाही. मी शीतपेटीची वीज बंद केली. प्रकाश थांबून आला. स्फटिकाला जागवणारा लेझर बंद केला. तरी आला, कार्यालय सुटल्यावर घरी येणाऱ्या कारकुनासारखा, ठरल्या वेळी. शेवटी मी पेटीच उघडली.

आत चिप नव्हती.

"ती होय?" आमचे तंत्रज्ञ काका म्हणाले. "काल तुम्हीच फोटोसाठी काढून डबीत ठेवलीत की, ताई. फायबरची दोन टोकं नुसतीच लोंबत होती. धूळ बसायला नको म्हणून मी ती खालच्या रिळाला जोडून टाकली."

टेबलाखाली दोन किलोमीटर फायबरचं रीळ होतं. प्रकाश कुठेही थांबत नव्हता. बिचारा दोन किलोमीटर चालून येत होता.

साहेब खुर्चीत बसले. मी बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या खाली वाकून रीळ बघत राहिल्या.

"म्हणजे थंडी नको, स्फटिक नको, चिपसुद्धा नको?"

"नको. पण यातून प्रकाश हवा तेव्हा परत मागता येत नाही."

"आमच्या कारखान्यात तसंही मागितलेलं वेळेवर कधी मिळत नाही," बाई म्हणाल्या आणि एका पेटीत किती रिळं मावतील ते काकांना विचारायला लागल्या.

विभाग वाचला. दारावर 'क्वांटम स्मृती' अशी नवी पाटीही लागली आहे. आत आम्ही फायबर गुंडाळतो.