वाढत्या अंगाचा संगणक

एव्हरशाईन सिटीतल्या श्रीरंग पेंडुरकरांच्या घरचा संगणक ऐन आषाढात बंद पडला. दुरुस्तीचे सर्व मार्ग खुंटल्यावर तो रीतसर मृत ठरवण्यात आला आणि नव्या संगणकाची जबाबदारी श्रीरंगरावांनी स्वतःकडे घेतली. त्यांची अख्खी नोकरी एका महामंडळाच्या खरेदी विभागात गेली होती. तिथला एक धडा त्यांच्या अंगात पुरता मुरला होता: चुकीच्या खरेदीबद्दल चौकशी लागते, खरेदीच न केल्याबद्दल आजवर कुणाला साधा मेमोही मिळालेला नाही.

घाई होती ती त्यांच्या पत्नीला. सांडोर गावचा रुडॉल्फ दिवाळी अंक काढायचा आणि आशालताबाई तो टाइप करून द्यायच्या. घटस्थापनेपर्यंत पानं गेली नाहीत, तर काम विरारच्या दुसऱ्या बाईंकडे जाणार होतं. आणि एकदा गेलेलं काम परत फिरकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकानदार अल्पेशने एक छोटा प्रोसेसर काउंटरवर ठेवला. "काका, टायपिंगला हा बस झाला. संध्याकाळी जोडून देतो."

"आणि उद्या?"

"उद्या पण टायपिंगच ना?"

श्रीरंगरावांना त्याची कीव आली. त्यांचा शाळेचा सदरा नेहमी वाढत्या अंगाचा शिवला जाई. तो अंगाला नीट बसेपर्यंत विरून जाई, ही बाब अलाहिदा. संगणकही वाढत्या अंगाचाच हवा, असं ठरलं.

मग मोठा प्रोसेसर मुक्रर झाला. त्याला साधा मदरबोर्ड चालेना. तो तापणार, म्हणून भलाथोरला कूलर आला, आणि कूलर मावेना म्हणून कॅबिनेट मोठं हवं झालं. कॅबिनेटवरची ऑफर संपत असल्याने प्रत्यक्षात फक्त तेवढंच घरी आलं. एक बाजू काचेची, पंख्यांना रंगीत दिवे.

"हवा बघ कशी खेळती राहते."

"कुणाला लागते हो ती? आत कुणी नाहीच," आशालताबाई म्हणाल्या.

प्रोसेसर मागवणार, तोच त्याची पुढची पिढी येत असल्याची बातमी झळकली. तिला हा मदरबोर्ड चालणार नव्हता. प्रकरण फेरविचारार्थ पुन्हा मांडण्यात आलं. तेवढ्यात मेमरी महागली.

"अहो, आता तरी घ्या."

"बाजार अस्थिर आहे. अस्थिर बाजारात निर्णय घेत नसतात."

"मग स्थिर कधी होतो?"

"त्याचीच तर वाट बघतोय."

एक दिवस रुडॉल्फ उरलेली हस्तलिखितं आणि वाडीतला कच्च्या केळ्यांचा घड घेऊन आला. कॅबिनेटकडे बघून तो हळूच म्हणाला, "आशाताई, माझी पानं यातून निघणार का?"

आशालताबाई दुसऱ्याच दिवशी अल्पेशकडे गेल्या. कुणीतरी एक्सचेंजमध्ये टाकलेला संगणक आणून त्यांनी जेवणाच्या टेबलावर मांडला आणि टायपिंगला बसल्या. केळी पिकायला कॅबिनेटात ठेवली. हवा खरोखरच खेळती होती. एकालाही डाग पडला नाही. पुढचे घडही मग तिथेच पिकू लागले.

"तात्पुरती व्यवस्था म्हणून हरकत नाही," श्रीरंगरावांनी मंजुरी दिली. बाई उठल्या की ते त्याच संगणकावर बसून नव्या प्रोसेसरांची तुलना करत. सगळं झटपट उघडे. त्यातून काही बोध घ्यावा, असं त्यांना वाटलं नाही.

पानं वेळेवर तयार झाली. एक तेवढं कोरं राहिलं होतं. रुडॉल्फ म्हणाला, "श्रीरंगराव, तुमचा एवढा अभ्यास झालाय. संगणक कसा निवडावा, यावर लिहा की."

त्यांनी सांगितलं, आशालताबाईंनी टाइप केलं. शेवटी बाईंनी एवढंच विचारलं, "लेखकाच्या परिचयात काय टाकू?"

"अनुभवी, असं लिही."

दिवाळीनंतर रुडॉल्फ पुढच्या अंकाचं काम आणि वाचकांचे निरोप घेऊन आला. कथा-कवितांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सगळे निरोप या लेखाबद्दल होते आणि सूर एकच: घ्यायचं ठरवलं होतं, लेख वाचून थांबलो. आभारी आहे.

आणि वाचकहो, त्यांत पहिला निरोप तुमचा होता. कॅबिनेटातलं केळं सोलता सोलता आशालताबाईंनी तो दोनदा वाचला. तुम्ही थांबलात याबद्दल त्यांची तक्रार नाही. त्यांनी फक्त विचारलंय, तुमच्या घरी काम कुणाचं अडलंय?