कोणाचो तू?

आमचे पेडणेकर डॉक्टर पेशंटशी कमी आणि गाठीशी जास्त बोलतात. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तळमजल्याला या सर्जनचा दवाखाना. आत गेलं की, "झोप. पॅन्ट उतरव. लाजूचा काम नाय!" मग डोळे मिटून, गाठ चिमटीत धरून तिलाच विचारतात, "कोणाचो तू?" आम्ही कोकणातली माणसं हा प्रश्न एसटीत शेजारी बसलेल्याला विचारतो. गाठीला विचारणारा हा एकटाच!

माझ्या वेळी मात्र मला हसू फुटेना. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि अंडकोषाच्या वर, नसांची जी दोरी असते ना, तिच्यावर सुपारीएवढी गाठ. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले होते, "कॅन्सर नसेलही, पण रिस्क नको. अंडकोषासकट काढू." माझी पार वाट लागली होती.

पेडणेकर डॉक्टरांनी चाचपलं, खोकायला लावलं, टॉर्च मारून पाहिला, सोनोग्राफी बघितली. "हर्निया नाय, पाणी नाय. ह्यो गरीब वाटता. पण वाटता म्हणून चलाचा नाय. विचारूक व्हया."

ऑपरेशनला मी जागा होतो, कमरेखाली बधीर. जांघेतून गाठ सोडवून त्यांनी लगेच लॅबमध्ये तपासायला पाठवली आणि हात छातीशी धरून उभे राहिले. भूलतज्ज्ञ कंटाळले. "सर, सगळंच काढून मोकळे व्हा ना!"

"थांब रे! उत्तर येवक दी."

वीसेक मिनिटांनी लॅबचा फोन आला. स्नायूची साधी गाठ, या जागी फार क्वचित सापडणारी. "बघ, गरीबच होतो!" म्हणत त्यांनी माझं माझ्याकडे ठेवून टाके घातले. काय माणूस आहे! आडवा नसतो तर पायच धरले असते.

टाके काढताना मी विचारलं, "डॉक्टर, गाठीला विचारायची ही सवय कुठली?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "तुझ्या वयाचो असताना माकाय अशीच होती. कोणी विचारूक नाय, सगळाच काढल्यानी. मागून कळला, नुसती चरबी. उरलेल्या एकावरय संसार चलता रे, आता मी लोकांक सांगतंय. तेवा माका सांगणारो कोण? लाजेन सगळी स्थळा परतवलंय."

यंदा लेकीला त्यांच्याकडे घेऊन गेलो. तिचं बोट धरून त्यांनी सवयीनं विचारलं, "कोणाचा गो तू?"

ती अजून बोलत नाही. बायकोच म्हणाली, "सांग गं, डॉक्टर आजोबांची."

डॉक्टरांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. बोट मात्र सोडलं नाही.