वळणावरचे घरत सर

रस्ता ओलांडणे ही मानवी विवेकाची सर्वोच्च कसोटी आहे, असे आमच्या विद्यापीठाच्या रस्ता सुरक्षा केंद्राच्या माहितीपत्रकात पहिल्याच ओळीत छापले आहे. वाक्य घरत सरांचे. सर स्वतः सहसा रस्ता ओलांडत नाहीत.

म्हणजे ओलांडण्याच्या तयारीत असतात. अलिबागला एसटी स्टँडसमोर ते कडेला उभे राहतात, दोन गाड्यांमधली मोकळी जागा डोळ्यांनी मोजतात आणि पुटपुटतात, "अंतर येऊ दे." मी पलीकडे जाऊन चहा पितो, पेपर चाळतो, परत येतो. सर तिथेच. "मघाशी आलं होतं एक," ते सांगतात, "पण खात्रीचं नव्हतं." तरुणपणी त्यांना किहीमचे एक स्थळ सांगून आले होते. मुलगी पसंत होती. सरांची खात्री होईपर्यंत तिचा मुलगा शाळेत जाऊ लागला. सर चौलला सुपारीच्या वाडीत दोन खोल्यांत एकटे राहतात.

केंद्रही चौललाच, जुन्या भाताच्या गोदामात. संशोधकांनी भारदस्त इंग्रजीत लिहिलेले अहवाल साध्या मराठीत आणणे हे माझे काम. साध्या मराठीत आणल्यावर फारसे काही उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

गोदामात सर ड्रायव्हर लोकांना शिकवतात. दुपारी माडांच्या झावळ्या कौलांवर घासत असतात, मागून समुद्राचा आवाज येतो, आणि सर फळ्यावर दोन ट्रक काढून त्यांच्यामधल्या पोकळीविषयी इतक्या मायेने बोलतात की निम्मा वर्ग डोळे मिटून घेतो. मुरूडचा बशीर मात्र जागा असतो. तो मिनीडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा चालवतो.

"सर, एवढं अंतर ठेवून गेलो तर आगरदांड्याची बोट जाईल. पॅसेंजर मला खाडीत टाकतील."

"जाऊ दे बोट. दुसरी येते."

"आणि पॅसेंजर?"

"तेही दुसरे येतात," सर म्हणाले. वर्ग जागा झाला.

सरांचा खरा जीव गावाबाहेरच्या एका वळणावर. एका बाजूला वाड्या, दुसऱ्या बाजूला उंडीचे झाड, आणि मधला रस्ता असा वळतो की समोरून येणारे काहीच दिसत नाही. तिथे गतिरोधक हवा, असे सरांचे म्हणणे. रस्ते खात्याचे साहेब म्हणाले, आकडे आणा. म्हणून सर रोज पहाटे विद्यापीठाचे पिवळे चमकते जॅकेट चढवून, खुर्ची घेऊन उंडीखाली बसत. मांडीवर वही, हातात वेग मोजायचे यंत्र. धुक्यात ते लांबून एखाद्या विसरलेल्या कंदिलासारखे दिसत.

त्याच वेळी हिराबाय रस्ता ओलांडायची. चाफा-अबोलीची टोपली घेऊन रेवदंड्याच्या बाजाराची गाडी पकडायला. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि ती कुठेही बघत नाही. स्वतःच्या अंगणातून चालल्यासारखी जाते. सर तिच्यापायीच गतिरोधक मागत होते. तसे ते कधी बोलले नाहीत, पण वहीत प्रत्येक पानावर एक ओळ असे: "हि. गेली."

ती त्यांना पोलीसच समजे. "काय रं मामा, तुजी बदली न्हाय झाली अजून? दुसरीकडं कुनी चोरच न्हाय का?" असे ओरडून विचारी आणि त्यांच्या वहीवर एक चाफा ठेवून जाई. सर दोन्ही हात जोडत.

दोन वर्षांनी आकडे तयार झाले आणि सर हादरले. वळणावर एकही गाडी जोरात जात नव्हती. कागदावर तो जिल्ह्यातला सगळ्यात सज्जन रस्ता होता. मी अहवाल मराठीत आणायला घेतला, तेव्हा बशीर बाकावर चहा पीत होता. त्याने तो वाचला आणि हसत सुटला.

"सर, तुम्ही पिवळं जॅकेट घालून बसता ना तिथं? आम्हाला वाटतं ट्रॅफिकवाला. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही लाईट मारतो, मामा बसलाय म्हणून. अख्खी लाईन मुंगीसारखी जाते. तुम्ही नसता तेव्हा या की बघायला!"

सरांनी वही मिटली. 

दुसऱ्या पहाटे त्यांनी मला सोबत नेले. जॅकेट घरी. आम्ही वाडीच्या कुंपणामागे केळीआड बसलो. धुके होते, दव टपटपत होते, आणि ते यंत्र हातात धरून सर किती तरी वेळ ऐकत होते. मग हिराबाय आली आणि तशीच रस्त्यात उतरली. वळणावरून एक पांढरी गाडी सुसाट आली, कचकन वळली आणि टोपलीला जवळजवळ घासून निघून गेली. हिराबायचा पदर हलला. वारा समजून तिने तो डोक्यावर सारखा केला आणि चालत राहिली.

यंत्रावर आकडा उमटला होता. दोन वर्षांतला पहिला खरा आकडा. सरांनी तो लिहिला नाही. त्यांनी यंत्र बंद करून मांडीवर पालथे ठेवले.

"आणखी महिनाभर असं लपून बसलो तर गतिरोधक मिळेल सर," मी म्हणालो. "नाहीतर झाडाला कॅमेरा लावू."

"कॅमेरा बघेल," सर म्हणाले. "अडवणार कोण?"

मग, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "माझ्याशी सकाळी बोलणारं दुसरं कोणी नाही हो."

पुढच्या पहाटे ते जॅकेट घालून उंडीखाली बसले. आता सोबत यंत्र नेत नाहीत. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतून प्रकल्पाबद्दल विचारणा येते, तेव्हा उत्तर मीच लिहितो. यंदाचे असे आहे: "सदर वळणावर सकाळी वाहने सावकाश जातात. कारण अभ्यासाधीन आहे."