रबरी रोग्याच्या महाली वत्सला तारू बोलती जाहली, त्याची हकीकत

धन्वंतरी कृपावंत असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, ज्येष्ठ शुद्ध पंचमी. ते दिवशी जे वर्तले ते पाहोन लिहिले ऐसे. राज्यात एक दवाखाना थोर, त्यात सरावाचा महाल, आणि तेथे रबरी रोगी निजविला, ज्यास कळ फिरविता धाप लागे व नाडी उडे. उस्तादमंडळी काळ्या काचेआड बसोन नवशिक्या परिचारिकांच्या चुका टिपीत, आणि मग सर्वांदेखत वाचोन खदखदा हसत. यास ते शिक्षण म्हणत. धन्य ते शिक्षण. रोग्यापाशी जे दिसेल ते मोठ्याने बोलावे हा तेथील नियम, परंतु वत्सला तारू म्हणोन परिचारिका, हात सफाईचा, तिचे दोन वेळ हसे जाहले आणि तिची दातखीळ बसली. तिसरे वेळेस न बोलल्यास घरी रवानगी, ऐसा हुकूम सुटला.

तो नव्या मुख्य शिक्षिका कुमुदिनीबाई रेगे दाखल जाहल्या. त्यांणी उस्तादांस काचेआडून उठवोन शिष्यांशेजारी बाकड्यावर बसविले, आणि बाह्या सारोन बोलिल्या, "आज रोगी माझा. मी चुकले तर सांगा." मग रोग्याच्या तोंडी प्राणवायूचा मुखवटा चढविला, नाडी पाहिली, औषध दिले, तरी रोगी निळा पडो लागला. बाई घामाघूम जाहल्या, कारण चूक खरीच घडली होती. उस्तादांची पाचावर धारण बसली, मोठ्या बाईंस कोण बोलणार. तेव्हा वत्सला उभी राहिली.

"बाई, प्राणवायूच्या टाकीची चावी उघडली नाही."

"खरंच की गं. विसरलेच मी. तुला केव्हा दिसलं?"

"पहिल्यापासून. पण धीर होत नव्हता."

"आता झाला ना? मग पुढचा रोगी तुझा."

वत्सलेने रोगी हाती घेतला, एकदा चुकली, ती चूक आपल्याच तोंडे सांगितली, आणि कोणी हसले नाही, आणि नाडी परतली. परीक्षा फत्ते जाहली, रवानगीचा हुकूम फाडिला, महाली पेढे वाटले.

पुढे दो मासांनी खराखुरा रोगी आला, एक कुंभार, दम्याने बेजार. थोरले सरदेसाई डॉक्टर, काचेआडच्या उस्तादांत सर्वांहून मोठ्याने हसणारे, त्यांणी घाईत मुखवटा लाविला आणि टाकी तैसीच ठेविली. वत्सला बोलिली, "सर, चावी बंद आहे." सरदेसायांनी चावी फिरविली, आणि कुंभाराचा जीव ठिकाणी आला. दुसरे दिवशी ते आपणहोऊन महाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काल मी चावी उघडायला विसरलो. वत्सलाबाईंनी सांगितलं." बाकड्यावर कोणी हसले नाही.

येणेप्रमाणे काचेआडचे राज्य बुडाले. कुंभार घरी सुखरूप आहे, चाक फिरवितो. येथे लेखणी ठेविली.