देगलूरकर काकांचं रात्रीचं हवामान

देगलूरकर काकांना सकाळी "कसे आहात?" असं चुकूनही विचारू नये. आमच्या बरकतपुऱ्याच्या बिल्डिंगमध्ये नवं कुणी राहायला आलं की वॉचमन पाण्याच्या वेळा सांगतो आणि मी हे सांगते. "बरा आहे" एवढ्यावर भागवणारा हा माणूसच नव्हे. काका खिशातून मोबाइल काढतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि जाहीर करतात, "काल रात्री हवा शांत होती. पहाटे डाव्या कुशीवर कमी दाबाचा पट्टा तयार झाला. श्वास थोडा अडकला, पण नुकसान नाही."

काका हवामान खात्यातून रिटायर झाले. नंतर बरेच दिवस त्यांना करायला काही नव्हतं, म्हणून ते गच्चीवर जाऊन ढगांच्या चुका काढत. मग एकदा काचीगुड्याच्या सिग्नलला स्कूटरवर बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. मागच्या बसवाल्यानं हॉर्न मारून उठवलं, तोवर हिरव्याचा पुन्हा लाल झाला होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झोपेत यांचा श्वास थांबतो आणि हृदयावर ताण येतो. रोज रात्रभर नाकावर मास्क लावून हवेच्या मशीनवर झोपायचं, हयगय केली तर जिवावर बेतेल. दुसरा कुणी घाबरला असता. काकांना मात्र ते मशीन रोज सकाळी मोबाइलवर आलेख पाठवतं हे कळलं आणि त्यांची कळीच खुलली.

"दाब आहे, हवेची गळती आहे, सगळं आहे. आपलं खातंच घरी आलं की," म्हणाले.

मग सिद्धांत सुरू झाले. बगारा बैंगन खाल्लं की गळती वाढते, हा पहिला. मास्क मिशांमुळे नीट बसत नाही, हा दुसरा. "वाऱ्याला अडथळा नक्को," म्हणत त्यांनी कॉलेजपासूनच्या मिशा उडवल्या, आणि कित्येक दिवस बिल्डिंगमधले लोक त्यांना कुणाचा तरी पाहुणा समजून नमस्कार करत होते. आमच्या ह्यांचं घोरणं भिंतीपलीकडून ऐकून "तुमच्याकडे वादळाची लक्षणं आहेत" असा इशाराही मला लिफ्टमध्ये मिळाला आहे.

मी ऑफिसात दिवसभर आलेखच बघते, म्हणून काकांनी मला सहायक नेमलं. पगार म्हणजे सुमनकाकूंचा चहा आणि सकिनालू, म्हणजे इकडच्या तांदळाच्या चकल्या. मी मूळची पुण्याची, दुसऱ्याची चूक सापडली की मला हुरूप येतो. आणि ती सापडली. रोज रात्री आलेखाची रेघ सुरू व्हायची, लगेच तुटायची आणि बऱ्याच वेळानं पुन्हा लागायची. परवाच्या रात्री तर ती पहाटेपर्यंत लागलीच नव्हती.

"लाइट गेली असेल," काका म्हणाले.

"रोज? आणि फक्त तुमच्याकडे?"

काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ पोरी, मशीन लावलं की मी घोरत नाही. आणि मी घोरलो नाही की हिला झोप येत नाही. लग्नापासूनची सवय. मशीन आणलं त्या रात्री बिचारी सारखी उठून माझ्या छातीवर हात ठेवून बघत होती. म्हणून मी मास्क काढतो आणि घोरतो. ती झोपली की लावतो."

"जागेपणी घोरता?"

"खोटं. जमतं आता."

"आणि त्यात खरंच झोप लागली तर?"

"परवा लागली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला सांगू नको. खालीपिली परेशान होईल."

मी चिडले. डॉक्टरांनी काय सांगितलंय, त्याची आठवण करून देऊन चांगलं फैलावर घेतलं. काकांनी माझ्यापुढे सकिनालूची बशी सरकवली.

त्याच दिवशी, रविवार होता म्हणून, मी काकूंबरोबर सुलतान बाजारात ब्लाउजपीस घ्यायला गेले. मला काही राहवेना. आडून विचारलं, "काकू, रात्री झोप लागते ना नीट?"

"मला कुठली झोप?" काकू कापड उजेडात धरत म्हणाल्या. "बऱ्याच वेळानं डोळे मिटून झोपेचं सोंग घेते नुसतं. मी झोपले असं वाटल्याशिवाय हे मास्क लावत नाहीत. मग मशीन सुरू झालं की छाती वरखाली होतेय का बघते, आणि झोपते. कधी मधेच त्यांचा डोळा लागतो, तेव्हा झोपेत लागल्यासारखं कोपर मारते. परवा मात्र माझाही डोळा लागला गं. पहाटे बघते तर मास्क उशाशी. आधी नाकाखाली बोट धरलं."

मला भर बाजारात रडू आलं. आणि रागही आला, दोघांचा.

"मग ते सोंग आडवं झाल्या झाल्याच घ्या ना काकू. म्हणजे ते मास्क तरी वेळेवर लावतील."

"घ्यायला पाहिजे, हौ." त्यांनी कापडाची घडी केली. "पण ते खोटं घोरतात, कळतं मला. खरं घोरणं असं सुरात नसतं. माझ्यासाठी माणूस एवढा घसा कोरडा करतोय, तर थोडं ऐकावंसं वाटतं. आजपासून लवकर झोपेन. त्यांना नको सांगू."

पुढच्या आठवड्यात काकांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. तुटलेली रेघ जवळजवळ जुळली होती. सुरुवातीला जरा मोकळी जागा राहिली होती, तेवढीच.

"बघ, हिला आता लवकर झोप लागते," काका म्हणाले. "मला फार काळजी लागली होती गं तिची."