मस्कतवाले काका

"आज एका माणसाच्या संसाराची घडी बसवूनच घरी येतो!" अशी गर्जना करून जयवंतराव सिल्वासातल्या डोकमर्डीच्या घरातून निघाले.

"आधी शर्टाची कॉलर बघा. दोरे लोंबतायत!" शोभावहिनी आतून ओरडल्या. पण संसार मार्गी लावणाऱ्या माणसाला कॉलरीकडे बघायला वेळ कुठला!

जयवंतराव मूळचे राजापूरचे, सिल्वासाला सरकारी नोकरीत. परदेशातून परतलेल्यांना इथे पुन्हा पायावर उभं करायचं, अशा एका मदत कक्षाचे ते एकुलते एक कर्मचारी. आजचा लाभार्थी होता सुरंगी गावचा वाळू. सहा वर्षं मस्कतच्या खानावळीत रोट्या भाजून तो परत आला होता. त्याला एक भट्टी हवी होती; मसाटच्या कारखान्यांबाहेर रोटीची गाडी लावायची होती. भट्टी नाही मिळाली तर एजंट टपलेलाच होता, पुन्हा विमानात कोंबायला. आणि वाळूला आता मुळीच जायचं नव्हतं. कारण त्याची सात वर्षांची गुड्डी त्याला 'मस्कतवाले काका' म्हणायची! तिच्या तोंडून 'बाबा' ऐकायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

भट्टी कचेरीच्या आवारात येऊन पडली होती. मुंबईच्या सुलभा मॅडम येऊन, माणूस बघून ती मंजूर करणार होत्या. मॅडमना गरमागरम रोटी खाऊ घालायची म्हणून जयवंतरावांनी भट्टी पेटवून ठेवली, पीठसुद्धा मळून घेतलं. केवढा तो उत्साह!

तेवढ्यात वाळू आला. काळा कोट, काळा चष्मा, सोनेरी घड्याळ, अत्तराचा घमघमाट! मागे बायको कोंडाबाई आणि गुड्डी.

"हे काय रे? लग्नाला चाललास की काय?"

"मोठ्या मॅडम येणार ना साहेब. कचेरीत नीट यायला नको?"

"अरे, मॅडम तुझ्याकडेच देणगी मागतील! गरजू दिसायला पाहिजे, गरजू! चल कपाटामागे, काढ तो कोट!"

कपाटामागे कपड्यांची अदलाबदल झाली. जयवंतरावांचा रोजचा शर्ट चढवताच वाळू इतका गरजू दिसू लागला, की कोंडाबाईला हुंदकाच फुटला. जयवंतराव जरा दुखावले. पण कोट अंगावर झकास बसला होता, म्हणून त्यांनी चष्माही लावून बघितला. या सगळ्या गडबडीत त्यांचं ओळखपत्र शर्टाच्या खिशालाच राहिलं.

आणि मॅडम दारात हजर!

त्या थेट वाळूच्या खिशाकडे बघत म्हणाल्या, "नमस्कार जयवंतराव! आणि हे आपले मस्कतहून आलेले का?"

जयवंतरावांनी तोंड उघडलं. पण सांगणार काय? तुम्हाला दाखवायला सोंग केलं म्हणून? भट्टीही गेली असती आणि नोकरीही! त्यांनी निमूट कोटाची बटणं लावून टाकली.

मॅडमनी कोटवाल्याकडे बोट दाखवून गुड्डीला विचारलं, "बाळ, हे कोण गं तुझे?"

गुड्डीने कोट ओळखला, चष्मा ओळखला. "मस्कतवाले काका!"

"अरे देवा! जयवंतराव, पोटची पोर बापाला काका म्हणतेय हो!"

"हो मॅडम," म्हणताना वाळूच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"चला, एक रोटी करून दाखवा बघू," मॅडम कोटाला म्हणाल्या.

घरी दूध उतू जायला लागलं तरी जयवंतराव 'शोभाऽऽ' म्हणून ओरडतात. असा माणूस भट्टीपुढे! पहिली रोटी निखाऱ्यात पडली. दुसरी बाहीला चिकटली आणि बाही भट्टीला. भपकन जाळ झाला! कोंडाबाईने अख्खी बादली त्यांच्यावर ओतली.

"माझा कोट!" वाळू किंचाळला. "म्हंजे... यांचा!"

भट्टी गेली! वाळूने मान खाली घातली. जयवंतरावांना स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मॅडम त्या भिजलेल्या, जळक्या माणसाकडे बघतच राहिल्या.

"सहा वर्षं तिकडे राबून माणूस हातातली कला पार विसरला हो! अशाला नाही तर कुणाला मदत करायची? भट्टी मंजूर! पण हा एकटा भट्टीजवळ नको. जयवंतराव, याला जमेपर्यंत तुम्ही रोज सकाळी शेजारी उभं राहून शिकवायचं. मी न कळवता येऊन बघून जाणार!"

तेव्हापासून मसाटला रोज सकाळी वाळूची गाडी लागते. वाळू खिशाला सरकारी ओळखपत्र लावून झपाझप रोट्या भाजतो, आणि शेजारी एकाच बाहीचा कोट आणि काळा चष्मा घालून जयवंतराव घाम गाळतात. मॅडम कधी येतील, काय नेम!

परवा गुड्डी गाडीवरून ओरडली, "बाबा! मस्कतवाल्या काकांची रोटी जळली!"

वाळूच्या हातातला चिमटा तसाच राहिला. कोंडाबाईने डोळ्यांना पदर लावला. जयवंतरावांनीही चष्म्याआडून डोळे पुसले. धूर फार होता हो!

"परत म्हण गं पोरी," वाळू कसाबसा म्हणाला.

"जळली!" गुड्डी परत म्हणाली.

आणि खरंच, जयवंतरावांची दुसरीही जळली होती.