खांद्याला विचारून सांगतो

आमच्या सोसायटीत संध्याकाळी कोणी कुत्रं फिरवतं, कोणी नातवंडं फिरवतं. भगवानकाका पीठ फिरवतात.

म्हणजे खरंच पीठ. गव्हाचं, चार किलो, जाड पिशवीत घट्ट बांधलेलं. पिशवीला गिटारचा पट्टा, पट्टा डाव्या खांद्यावर आणि पिशवी पोटासमोर लोंबकळतेय. अशा अवतारात ते आमच्या नवघरच्या बिल्डिंगीभोवती फेऱ्या मारतात. वॉचमन विचारतो, "काका, आज भी आटा घुमाने निकले?" काका अगदी गंभीरपणे सांगतात, "आज चार किलो. कल साढ़े चार करके देखेंगे."

हे वेड नाही, ही गिटारची खरेदी आहे, हे मला पटायला थोडा वेळ लागला. तुम्हालाही लागेल.

काका दिवसा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. कार्यक्रमांचे दिवस आले की ते भीमगीतांच्या एका पार्टीत बेस गिटार वाजवतात. मूळचे परभणीकडचे, पण त्यांचं हे वाजवणं इथलंच, भाईंदरमधलं. गायकाला लोक ओळखतात, ढोलकीवाल्याला डोक्यावर घेतात. काकांना मात्र लोक विचारतात, "दोन तारा तुटल्यात का हो?" काका चिडत नाहीत. "हिला चारच असतात," असं ते वर्षानुवर्षं त्याच शांतपणे सांगत आलेत.

गेल्या वर्षी त्यांचा डावा खांदा आखडला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. तेव्हापासून काका कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर देतात, "खांद्याला विचारून सांगतो." सुमनकाकूंनी माळ्यावरून पातेलं काढायला सांगितलं, खांद्याला विचारून सांगतो. सोसायटीचे सेक्रेटरी व्हाल का, खांद्याला विचारून सांगतो. सेक्रेटरीपदाला खांदा नाही म्हणाला. भज्यांना तो कधीच नाही म्हणत नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

त्यातच त्यांच्या जुन्या बेसचा दांडा वाकला. खाडीच्या दमट हवेने लाकूड फुगलं असं काकांचं म्हणणं. जयंतीचा कार्यक्रम जवळ आला होता आणि नवी घ्यायलाच हवी होती.

"साधी नाही, मेन घ्यायची, कायम वाजवायची," काका म्हणाले. "मेन एकच असते पोरी. बाकी सगळ्या पाहुण्या."

दुकानात मला बरोबर नेलं, कारण मी कॉलेजात आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे बँकेचा मेसेज, डॉक्टरांचं अक्षर आणि बेस गिटार यातलं मला सगळंच कळत असणार, असा आमच्या मजल्याचा समज आहे. "तू इंग्लिशमध्ये विचार, म्हणजे ते नीट दाखवतात," असं काकांनी रिक्षातच बजावलं होतं. मी इंग्लिशचं वाक्य मनात जुळवत मीरा रोडच्या त्या दुकानाचा जिना चढले. वर सेल्समन म्हणाला, "हां दीदी, क्या चाहिए?" माझं वाक्य मनातच राहिलं.

त्याने एक लाल बेस काढून दिली. जड होती. काकांनी पट्टा चढवला, दोन सूर छेडले आणि एकदम तिचा दांडा वर उचलला. पार सरळ, झेंड्यासारखा. वर टांगलेल्या छोट्या गिटारी एकमेकींवर आपटल्या.

"अंकल, बजाके तो देखिए."

"बजेगी तो सही. उठती है क्या, वो देखना है."

लाल उठत होती. पण खाली आणताना काकांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग सेल्समनने एक काळी दिली. बुटकी, हलकी, काकांच्या आखूड बोटांना अगदी बेताची. ती वाजवताना त्यांचा खांदा खाली आला, श्वास सुटला. मला वाटलं, झालं काम. पण त्यांनी डावा हात सोडला आणि दांडा हळूहळू जमिनीकडे कलायला लागला.

"ही बघ, झोपली," काका म्हणाले. हाताने ढकलून दांडा वर केला, तर सूरच बंद पडला. वाजवायचं आणि उचलायचं, दोन्ही एकदम तिला जमत नव्हतं.

"पण काका, उचलायची कशाला?" मी घाबरतच विचारलं.

"स्टाइल आहे ती."

इस्त्रीचा शर्टसुद्धा फक्त जयंतीला घालणाऱ्या माणसाच्या तोंडून 'स्टाइल' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. काका म्हणाले, लालच घेऊ. त्यासाठी खांद्याला तयार करू. आणि दुसऱ्या दिवसापासून पिठाच्या फेऱ्या सुरू झाल्या.

एकदा काकू जिन्यात भेटल्या. "त्यांना सांग, पीठ परत करा. डब्यात चपातीपुरतंही उरलं नाही." मग हळूच विचारलं, "कुठली घेतायत?"

"लाल. काळी हलकी आहे, पण तिचा दांडा वर जात नाही म्हणून नको म्हणतात."

काकू तिथेच पायरीवर टेकल्या.

"लग्न नवीन होतं तेव्हा मला पहिल्यांदा कार्यक्रमाला नेलं," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर मी विचारलं, सगळे वाजवत होते, त्यात तुमचा आवाज कुठला? मला खरंच कळला नव्हता गं. रात्री जेवले नाहीत. पुढच्या कार्यक्रमाला निघताना म्हणाले, मी दांडा वर केला की समजायचं, तो मी."

"मग अजून कळत नाही तुम्हाला?"

"कळतो की. कधीपासूनचा. आता तर रेडिओवरसुद्धा आधी बेस ऐकू येतो, गाणं मागून येतं."

"मग सांगत का नाही त्यांना?"

काकूंनी पदराने पायरीवरचा नसलेला कचरा झटकला. "सांगितलं असतं तर दांडा खाली आला असता ना."

मी एवढंच म्हणाले, "पण काकू, लाल फार जड आहे."

रविवारी गोडदेवच्या विहाराच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस होती. काका जुनी वाकलेली बेस घेऊन उभे होते. काकू आल्या, खुर्ची ओढली आणि चक्क वाजवणाऱ्यांकडे पाठ करून बसल्या. मांडीवर मेथीची जुडी.

"अगं, इकडे तोंड कर की," काका म्हणाले.

"मेथी निवडायचीय. उजेड या बाजूला आहे."

शेवटच्या गाण्यात एक जागा आहे. कोरस, ढोलकी, सगळे जोरात असतात आणि त्यांच्या खालून बेस एक पायरी हळूच उतरते. दांडा वर करायची जागा हीच. पहिल्या कडव्यानंतर काकांनी उचलायला घेतला, खांदा अर्ध्यावर अडकला. त्याच क्षणी पाठमोऱ्या काकूंचा हात वर गेला. मेथीच्या काडीसकट.

काकांनी पाहिलं. त्यांना वाटलं असेल, डास हाकलला.

दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी दांडा जराही हलवला नाही. फक्त वाजवलं. हात वर गेला.

तिसऱ्या कडव्यानंतर काकांनी ती पायरी वाजवलीच नाही. ढोलकी चालू होती, कोरस चालू होता, गाणाऱ्यांपैकी कोणाच्या काही लक्षात आलं नाही. काकू मात्र खुर्चीत गर्रकन वळल्या.

"काय झालं? खांदा दुखतोय का?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही." आणि पुढचं कडवं वाजवायला लागले, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तो जिना चढलो. काका स्टुलावर बसले आणि काळी मांडीवर घेऊन ती एक पायरी दोनदा वाजवली.

"अंकल, उठाके नहीं देखेंगे?" सेल्समनने सवयीने वरच्या गिटारी हाताने धरल्या होत्या.

"नको. हीच पॅक कर," काका मराठीतच म्हणाले.

"खांद्याला विचारलंत?" मी म्हटलं.

"खांद्याला काय कळतंय."

जयंतीच्या कार्यक्रमात मी बायकांमध्ये, काकूंच्या शेजारी बसले होते. स्टेजवर काका इस्त्रीच्या शर्टात, काळी गळ्यात, तिचा दांडा जरा जमिनीकडे कललेला. शेवटचं गाणं आलं. मी कान देऊन ऐकत होते, तरी मला ती जागा नक्की कुठली ते कळलं नाही. शेजारी काकूंचा हात वर गेला तेव्हा कळलं. स्टेजवर काका आमच्याच बाजूला बघत होते.

मागच्या बाईंनी काकूंना विचारलं, "कोणाला बोलावताय हो?"

"कोणाला नाही," काकू म्हणाल्या. "डास फार झालेत."